तेल ठिबकते कुठे, गळते कुठून?

मलकापूर, बांबवडे किंवा आंबा येथील लहान दुकानदाराच्या दारात उभी असलेली मोटारसायकल पुष्कळदा जुनी, एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेली असते. वाड्यावस्त्यांवर माल पोहोचवणे, उधारी वसूल करणे, अडीअडचणीला कोल्हापूर गाठणे ही सारी कामे तिच्यावरच चालतात. १९९४ मध्ये बाजारात आलेली ९७.२ सीसीची हीरो होंडा स्प्लेंडर आणि तिच्या पुढील आवृत्त्या या भागाला चांगल्या परिचयाच्या आहेत. अशा गाडीखाली सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला, की घरात पहिली चर्चा होते ती खर्चाची.

गॅरेजमध्ये उत्तर अनेकदा तयारच असते : ‘इंजिन उतरवावे लागेल.’ ते खरे असेलही. पण तपासणीपूर्वी दिलेल्या उत्तरावर हजारो रुपये खर्च करणे हा व्यवहार नव्हे. दोष एखाद्या ऑइल सीलचा असेल, तर तेवढ्यावरच काम भागते.

तेल वरून खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब पडतो तो सर्वांत खालच्या नटावरून. दोष मात्र बहुधा त्याच्या वर आणि पुढे असतो. रोकड जुळत नाही तेव्हा फरक शेवटच्या बेरजेत दिसतो, चूक मागच्या एखाद्या पानावर असते, तसाच हा प्रकार. खालचा नट आवळत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट ॲल्युमिनियमचे आटे मात्र जातात.

म्हणून आधी तेलाची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन थोडा वेळ चालवावे, बंद करून काही मिनिटे थांबावे, मग काडी पुसून न पिळता नुसती टेकवून पाहावी. तेल खुणेच्या वर असेल तर ते ब्रीदरच्या नळीतून बाहेर येते आणि गळतीचा भास होतो. चेनला घातलेले वंगणही पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये साठून असाच चकवा देते.

त्यानंतर थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करावे, कोरडे पुसावे आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. शाहूवाडीच्या पावसात हे काम छपराखालीच करावे. इंजिन दहा मिनिटे चालवून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे : टॅपेटची झाकणे, हेडचा जोड, सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग, उजवीकडचे क्लच कव्हर आणि किकचा दांडा, डावीकडचे मॅग्नेट कव्हर, गिअरचा दांडा, पुढचे स्प्रॉकेट. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली असेल, गळतीचा उगम तिथे.

पुढच्या स्प्रॉकेटमागचे सील गेले असेल, तर चेन फाजील ताणलेली नाही ना, हेही पाहावे. त्या ताणाने बेअरिंगवर भार येतो आणि नवे सीलही लवकर जाते. एक जागा बंद करताच दुसरीकडून तेल येऊ लागले, तर ब्रीदरची नळी तुंबल्याचा संशय घ्यावा. आतला दाब बाहेर पडायला वाट नसेल, तर तो कमकुवत सीलमधून तेलच ढकलतो. नळी मोकळी असून तिच्यातून जोराचे झोत येत असतील आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता मोठी. तेव्हा मिस्त्रीचे पहिले उत्तर मान्य करावे.

पॅकिंग बदलताना जुना कागद ओरखडा न पाडता काढावा, बोल्ट आमनेसामने थोडेथोडे आवळावेत. सीलंटचा जाड थर हा कामचुकारपणाच. आत सुटलेला त्याचा तुकडा तेलाची वाट अडवू शकतो. आटे गेलेच, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते नव्याने पाडून मिळू शकतात. काढलेले जळके तेल ओढ्यात वा गटारात ओतू नये. या तालुक्याचे पाणी पुढे कडवी आणि कासारीतच जाते.

डाग लहान म्हणून चालढकल करण्याजोगी ही बाब नाही. या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर राहते. ते घटले की वरच्या कॅमला वंगण अपुरे पडते आणि शंभर रुपयांचे काम हजारोंवर जाते. मागच्या टायरवर उडालेले तेल तर आंबा घाटाच्या ओल्या वळणावर जिवावर बेतू शकते.

जुनी गाडी पाहायला गेल्यावर चकचकीत धुतलेल्या इंजिनावर भाळू नये. पाच-सात किलोमीटर चालवून, तासभर उभी करून, मग तिच्या पोटाखाली पांढरा कागद फिरवावा. दुरुस्तीनंतरही आठवडाभर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकावा आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तो पाहावा.