दुधाची दाढ पडणारच आहे, मग जपायची कशाला?

मुलाचा पडलेला दुधाचा दात तळहातावर उलटा करून बघा. मूळ जवळपास नसतंच, उरते ती खडबडीत, पोकळ कड. पक्का दात वर सरकू लागला की काही खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतात. मग तो जिभेच्या धक्क्यानेही निघतो.

किडलेली दाढ वेळेआधी काढताना मात्र मुळं शाबूत असतात. म्हणून डॉक्टर हिरडी बधिर करून, दाढ सैल करत काढतात. मुलाला दाब जाणवतो, पण सहसा दुखत नाही. घरी आल्यावर बधिर ओठ ते चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

दुधाचे दात 20. त्यातल्या मागच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत पक्क्या दातांची जागा राखतात. यातली एखादी दाढ पाचव्या-सहाव्या वर्षीच गेली, तर मागची पक्की दाढ पुढे सरकू शकते आणि हिरडीतला दात अडकू शकतो किंवा वाकडा येऊ शकतो. अशा वेळी रिकामी जागा राखणारी तारेची कडी बसवून घ्यावी. पण दाढ काढण्याआधी डॉक्टरांना एकदा जरूर विचारा, "दाढ वाचेल का?"