सत्तावीस पानांतलं आठवं पान

७ जुलै २०१७. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर मध्यरात्र व्हायला जेमतेम चार मिनिटं उरली होती. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ क्रमांकाचं विमान उतरायला आलं होतं. एअरबस ए३२०, आत १३५ प्रवासी आणि ५ कर्मचारी. या विमानतळावर दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी आहेत, २८-डावी आणि २८-उजवी. विमानाला परवानगी होती उजव्या पट्टीची. डावी त्या रात्री बांधकामासाठी बंद होती. तिचे दिवे मालवलेले होते आणि तिच्या तोंडाशी फुलीच्या आकाराचा भलामोठा लुकलुकता दिवा लावला होता.

वैमानिकांना वरून दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या. डावी धावपट्टी नेहमीसारखी उजळलेली असणार असं मनाने आधीच धरलेलं. त्यामुळे डावीकडची रांग २८-डावी वाटली आणि तिच्या उजवीकडची २८-उजवी. वास्तविक डावीकडे दिसत होती ती २८-उजवीच. तिच्या पलीकडची रांग टॅक्सीवेची, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याची होती, आणि त्या टॅक्सीवेवर उड्डाणाची वाट पाहत चार मोठी प्रवासी विमानं एकामागे एक उभी होती. तीन युनायटेडची, एक फिलिपिन्स एअरलाइन्सचं.

पट्टीवर दिवे दिसताहेत, अशी शंका वैमानिकांनी टॉवरकडे बोलूनही दाखवली. पट्टी मोकळी आहे, असं उत्तर आलं. ते खरंच होतं, कारण टॉवर खऱ्या २८-उजवीबद्दल बोलत होता. रांगेतल्या पहिल्या विमानाच्या वैमानिकाने रेडिओवर, हा टॅक्सीवेवर उतरतोय, असा इशारा दिला. दुसऱ्या विमानाने आपले लँडिंग लाइट लावले. एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आलं आणि तिथून वर उचललं गेलं. फिलिपिन्सच्या विमानाच्या शेपटीपासून ते अवघ्या १० ते २० फुटांवरून गेलं, असा हिशेब पुढे तपासात निघाला. पाच विमानांत मिळून हजारहून अधिक माणसं होती. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोचा आकडा त्याच्याही पुढे जाऊ शकला असता.

डावी धावपट्टी बंद आहे ही माहिती वैमानिकांना दिलेली होती. उड्डाणापूर्वी हाती पडलेल्या २७ पानी कागदपत्रांत ती ८व्या पानावर होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, चौकशी केली तेव्हा सहवैमानिकाला ती सूचना वाचल्याचं आठवत नव्हतं. कॅप्टनने ती पाहिली होती, पण ऐन वेळी ती त्याच्या डोक्यात नव्हती. तो १९ तासांहून जास्त वेळ जागा होता, हेही नोंदवलं गेलं. २०१८ साली मंडळाच्या जाहीर बैठकीत अध्यक्ष रॉबर्ट सम्वाल्ट यांनी या सूचनांना सरळ कचऱ्याचा ढीग म्हटलं, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही असा ढीग. सम्वाल्ट स्वतः अनेक वर्षं प्रवासी विमानं उडवलेले वैमानिक. त्यांच्या तोंडून हे आल्यामुळे त्याला वजन होतं.

या सूचनेचं नाव नोटॅम. धावपट्टी बंद, टॅक्सीवेवर खोदकाम, पट्टीजवळ नवी क्रेन, उपकरण नादुरुस्त, अमुक पट्ट्यात क्षेपणास्त्राची चाचणी, तमुक देशाचं आकाश बंद, असं जे जे नकाशात नाही आणि आज खरं आहे, ते नोटॅममधून कळतं. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते नोटॅम काढूनच. पुढे जुलैच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेला जाणारी भारतीय विमानं लांबचा वळसा घेत राहिली. भारतात हे नोटॅम भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसृत करतं. त्यांचा साचा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे इकाओचा, जवळजवळ जगभर एकच.

हा साचा टेलिप्रिंटरच्या काळातला. सगळी अक्षरं मोठी आणि शब्द खुरटलेले. धावपट्टीसाठी आरडब्ल्यूवाय, बंदसाठी सीएलएसडी, काम चालू असेल तर डब्ल्यूआयपी. मुंबईचा विमानतळ म्हणजे व्हीएबीबी. तारीख, वेळ सलग दहा आकड्यांत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. नोटॅमच्या पद्धतीने हा आरंभ लिहायचा तर २३१०१७०५३०. साल, महिना, दिवस आणि शेवटी साडेपाच, कारण वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. दिवसा हा हिशेब सोपा असतो. पण एखादी पट्टी आपल्याकडे १८ तारखेच्या पहाटे दोनला बंद होणार असेल, तर नोटॅममध्ये ती १७ तारखेला २०३०ला बंद होते. रात्रपाळीच्या वैमानिकाला तारीखसुद्धा मनात बदलून घ्यावी लागते.

हे वाचायचं कधी? सर्वसाधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी वैमानिक हजर होतात. त्या वेळात उड्डाण आराखडा, इंधन, हवामान, विमानातल्या प्रलंबित दुरुस्त्या आणि नोटॅम, हे सगळं पाहायचं असतं. नोटॅम निघण्याच्या विमानतळाचे, उतरण्याच्या विमानतळाचे, पर्यायी विमानतळांचे आणि वाटेतल्या प्रत्येक देशाच्या हवाई क्षेत्राचे. मुंबईहून लंडनला जायचं तर ही यादी किती लांबते, याची कल्पना करता येईल. यादीत तीन किलोमीटरवरच्या मनोऱ्याचा जळालेला दिवा आणि बंद धावपट्टी एकाच टायपात, एकाच आवाजात सांगितलेली असतात. जमिनीच्या व्यवहाराआधी वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहीर नोटीस येते, तशातली ही गत. काढणारा मोकळा होतो, वाचणाऱ्याचं काय ते तो बघेल. दुर्घटना झाली की 'नोटॅम होता' हे वाक्य विमानतळाला वाचवतं, म्हणून शंका आली की एक नोटॅम जास्तच काढला जातो. आणि जुने वेळेवर रद्द होत नाहीत. नियमाने नोटॅम तात्पुरता असायला हवा, तीन महिन्यांच्या आतला. तरीही वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढले जाणारे नोटॅम जगभर आहेत. दोष वैमानिकाच्या डोळ्यांचा नाही, या रचनेचा आहे.

सूचना माहीत असूनही घात होतो, हे तैपेईने दाखवलं. ३१ ऑक्टोबर २००० रोजी वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू००६ हे जम्बो विमान ०५-डावीऐवजी दुरुस्तीसाठी अंशतः बंद असलेल्या ०५-उजवी पट्टीवरून सुटलं. बंद असल्याचा नोटॅम वैमानिकांना ठाऊक होता. पण समोर हिरव्या दिव्यांची ओळ होती, आणि त्या पट्टीच्या तोंडाशी आडकाठी नव्हती. पुढे अंधारात काँक्रीटचे अडथळे आणि यंत्रं उभी होती. १७९पैकी ८३ जण गेले.

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनची गोष्ट उलटी. २७ ऑगस्ट २००६च्या पहाटे कॉमएअरचं विमान ७,००० फुटांच्या पट्टीऐवजी ३,५०० फुटांच्या आखूड, अंधाऱ्या पट्टीवरून धावलं आणि ५०पैकी ४९ जण दगावले. बांधकामामुळे तिथले टॅक्सीवे बदललेले होते, नकाशे जुने होते, आणि टॅक्सीवे बंद असल्याचा स्थानिक नोटॅम वैमानिकांच्या कागदांत आलाच नव्हता. एनटीएसबीने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला, कारण आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या खुणा समोर होत्या. ते मान्य करूनही हाती पडायला हवा होता तो कागद पडला नाही, हे उरतंच.

सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण एमएच१७चं. पूर्व युक्रेनमधल्या लढाईमुळे युक्रेनने ६ जून २०१४ रोजी २६,००० फुटांपर्यंतचं आकाश बंद केलं, १४ जुलैला ती मर्यादा ३२,००० केली. तीनच दिवसांनी मलेशिया एअरलाइन्सचं ते विमान ३३,००० फुटांवर, म्हणजे नोटॅमच्या दृष्टीने खुल्या आकाशात, क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. २९८ माणसं मेली. त्या वेळी त्याच टापूत एअर इंडियाचं प्रवासी विमानही होतं. नोटॅमने उंची अचूक सांगितली होती. वर धोका का आहे, तो किती उंच पोहोचू शकतो, याचा त्यात उल्लेख नव्हता. आकाश पूर्ण बंद करायला युक्रेनकडे पुरेसं कारण होतं, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळाने काढला. ब्रीफिंगमध्ये बसलेला वैमानिक कागदावर आहे तेवढंच जाणतो. जे कारण कागदावर आलंच नाही, त्याच्यावर तो निर्णय कसा घेणार?

आणि हे कागदच आले नाहीत तर? ११ जानेवारी २०२३ला अमेरिकेत तेही झालं. मूळ आणि राखीव माहितीसाठा जुळवताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फाइल्स पुसल्या गेल्या, नोटॅम यंत्रणा बसली आणि सकाळच्या काही तासांसाठी देशभरातली उड्डाणं थांबवावी लागली. १,३०० हून अधिक उड्डाणं रद्द झाली. ज्या यादीला वैमानिक वैतागतात, तिच्याविना एकही विमान सोडायची कुणाची तयारी नव्हती, आणि ते योग्यच होतं. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने या यंत्रणेच्या सुधारणेसाठी कायदा केला. इकाओने २०२१पासून जुने नोटॅम उपसून काढण्याची मोहीम चालवली आहे. एनटीएसबीची शिफारस होती की महत्त्वाचं ते ठळक आणि आधी दिसेल अशी मांडणी तज्ज्ञांनी बसून ठरवावी. आता टॅबलेटवर नोटॅम नकाशावर रंगवून दाखवणं शक्य झालं आहे. बंद पट्टी लाल दिसली की दहा आकडे उलगडायची गरज राहत नाही.

मोठ्या गोष्टी तशाही पोहोचतात. मुंबईच्या धावपट्ट्या बंद राहणार हे सहा महिने आधी जाहीर होतं, विमान कंपन्या वेळापत्रकं त्याप्रमाणे लावतात. ऑक्टोबर २०२१मध्ये पुण्याचा लोहगाव विमानतळ चौदा दिवस बंद राहिला तेव्हा प्रवाशांनाही तारखा पाठ होत्या. सुटतात त्या मधल्या आकाराच्या गोष्टी, एका रात्रीची बंद पट्टी, आठवड्यापुरता बदललेला टॅक्सीवे. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. सांताक्रुझच्या जुन्या विमानतळापासून हवाई अंतर थोडंच, म्हणजे मुंबईला येणाऱ्या वैमानिकाच्या कागदांत आता दोन विमानतळांचे नोटॅम. तिथलं बांधकाम टप्प्याटप्प्याने अजून बरीच वर्षं चालायचं आहे, आणि प्रत्येक टप्प्याचे नोटॅम निघणार आहेत. ते कसे लिहायचे आणि वैमानिकापुढे कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे ठरवायला आत्ताची वेळ उत्तम आहे.