मॅक्रोयुक्त एक्सेल फाइलींची आकारवाढ : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, उपस्थितीचे तक्ते, मूल्यांकन समितीस द्यावयाची माहिती ही महाविद्यालयीन कामे आज बहुतांशी एक्सेलच्या फाइलींवर चालतात. पुनरावृत्तीचे श्रम वाचावेत म्हणून विभागातील एखादे प्राध्यापक व्हिज्युअल बेसिकमध्ये मॅक्रो लिहितात. ते निवृत्त होतात किंवा अन्यत्र रुजू होतात. फाइल मात्र विभागातच राहते आणि दर सत्रास फुगत जाते.

आमच्या विभागातील अशी एक फाइल प्रारंभी ४०० किलोबाइटची होती. प्रत्येक विषयाचे एक याप्रमाणे तीत सहा पत्रके आणि प्रत्येक पत्रकात सुमारे ६० विद्यार्थी. विद्यार्थिसंख्येत फारसा फरक पडला नाही, तरी काही वर्षांत तिचा आकार १८ मेगाबाइट झाला, आणि गुण सादर करण्याच्या अखेरच्या दिवशी ती उघडताना संगणक थबकला. सर्वांचा पहिला संशय मॅक्रोंच्या आज्ञावलीवर गेला. तो चुकीचा होता. आज्ञावली हा शेवटी मजकूरच असतो. हजार ओळींचा मजकूर काही दशक किलोबाइटांपलीकडे जात नाही. वजन वाढते ते मॅक्रो प्रत्येक वेळी पत्रकावर जे मागे ठेवून जातो त्यामुळे. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वजन नेमके कोठे आहे?

ऑफिस २००७ पासून मॅक्रोयुक्त फाइल (विस्तार : एक्सएलएसएम) ही वस्तुतः एक झिप गाठोडे असते. फाइलीची प्रत काढून तिचा विस्तार बदलून झिप केला की आतील भाग सुटे दिसतात : प्रत्येक पत्रकाची एक्सएमएल फाइल, चित्रांसाठी मीडिया नावाचा फोल्डर, पिव्होट तक्त्यांची साठवण आणि मॅक्रोंसाठी व्हीबीएप्रोजेक्ट नावाची एक बिन फाइल. कोणताही उपाय योजण्यापूर्वी ही पाहणी करावी; तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. आमच्या फाइलीत बिन फाइल अवघी १८० किलोबाइटची निघाली. सहा पत्रके मात्र प्रत्येकी अडीच मेगाबाइटची होती.

कारण जुने होते. मूळ मॅक्रो एक्सेल २००३ च्या काळी लिहिलेला. त्या आवृत्तीत पत्रकाला ६५,५३६ ओळी असत (२००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या). लेखकाने सोयीसाठी पाचव्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत १५ स्तंभांना चौकटी आखण्याची आज्ञा दिली होती. म्हणजे माहितीचे सेल ९००, आणि चौकट असलेले सेल ९,८२,९८०. रिकाम्या सेललाही चौकट दिली की एक्सेल त्याची स्वतंत्र नोंद फाइलीत ठेवते. उरलेले अडीच मेगाबाइट मीडिया फोल्डरमध्ये होते : दुसरा एक मॅक्रो निकालाचा आलेख चित्ररूपाने चिकटवीत असे आणि आधीचे चित्र न काढता त्यावरच नवे ठेवीत असे. पडद्यावर एकच आलेख दिसे. खाली डझनावारी होते.

पत्रकाची स्वच्छता

कंट्रोल आणि एंड या कळी एकत्र दाबल्या असता एक्सेल ज्या सेलला वापरातील शेवटचा समजते तेथे कर्सर जातो. तो माहितीच्या बऱ्याच खाली गेला तर मधल्या ओळी पूर्ण निवडून उजव्या टिचकीने येणाऱ्या यादीतून काढून टाकाव्यात व फाइल जतन करावी. कळफलकावरील डिलीट कळ येथे उपयोगी नाही. ती केवळ आशय पुसते, स्वरूपण तसेच ठेवते. मॅक्रोंतही हीच गफलत आढळते. क्लिअरकंटेंट्स ही आज्ञा आशय काढते. क्लिअर ही आज्ञा स्वरूपणही काढते. मॅक्रोतील मूळ ओळ दुरुस्त केल्याशिवाय मात्र पुढील सत्रात सर्व पूर्ववत होईल, म्हणून चौकटी आखण्यापूर्वी माहितीची शेवटची ओळ मॅक्रोनेच शोधावी अशी आज्ञा घालावी. प्रत्येक वेळी नव्याने माहिती आयात करणारे मॅक्रोही जुन्या जोडण्या व नावे मागे ठेवतात; ती नावांच्या यादीत तपासावीत.

वर्डच्या बाबतीत वर्ड २००३ पर्यंत असलेली जलद जतनाची सोय हे आकारवाढीचे मोठे कारण होते. २००७ मध्ये ती काढली गेली. आता तेथे प्रश्न बहुधा चित्रांचाच असतो.

आज्ञावलीचा कचरा

बिन फाइल खरोखरच मोठी असेल तरच पुढील उपायाकडे वळावे. तीत प्रत्येक मॉड्यूलचा संक्षेपित मूळ मजकूर आणि त्याचे संकलित रूप असे दोन्ही साठविलेले असते. संकलित रूप आवृत्तीनुरूप बदलते आणि मूळ मजकुरावरून पुन्हा तयार करता येते. वर्षानुवर्षे दुरुस्त्या होत राहिल्यास त्यात अवशेष साचतात. यावर रूढ उपाय असा : सर्व मॉड्यूल मजकूर फाइलींत निर्यात करावीत, मूळची काढून टाकावीत, पुन्हा आयात करून संकलन करावे व जतन करावे. रॉब बोव्ही यांचे कोड क्लीनर हे साधन हेच काम करीत असल्याने लोकप्रिय झाले. फॉर्म निर्यात केल्यास दोन फाइली होतात, त्या एकत्रच ठेवाव्यात. पत्रकामागील आज्ञावली अशी काढता येत नाही. तिचा मजकूर कापून पुन्हा चिकटवावा लागतो. मॅक्रोंवर डिजिटल स्वाक्षरी असल्यास ती पुन्हा करावी लागते. या खटाटोपातून आकार क्वचितच मोठा घटतो. फाइल स्थिर होते, हा खरा लाभ. (जाता जाता : व्हिज्युअल बेसिकच्या संपादकात देवनागरी युनिकोड मजकूर टिकत नाही, त्याची प्रश्नचिन्हे होतात. मराठी शीर्षके एखाद्या सेलमध्ये ठेवून मॅक्रोने तेथून वाचावीत.)

एक्सएलएसबी या द्विमान स्वरूपात जतन केल्यास आकार घटतो आणि मॅक्रोही टिकतात, परंतु रोग आत तसाच राहतो. साध्या एक्सएलएसएक्स स्वरूपात जतन केल्यास मॅक्रो नाहीसे होतात. एक्सेल तसा इशारा देते, पण घाईत तो कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मॅक्रो एका स्वतंत्र ॲड-इन फाइलीत आणि गुण साध्या फाइलीत ठेवणे हीच व्यवस्था टिकाऊ होय. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास आरंभ केल्याने ई-मेलने फिरणाऱ्या मॅक्रोयुक्त फाइली तशाही अडचणीच्या झाल्या आहेत.

काढण्यापूर्वी

सफाईच्या उत्साहात घडता घडता राहिलेली एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. मॅक्रोद्वारे पत्रक असे लपविता येते की ते नेहमीच्या लपलेल्या पत्रकांच्या यादीतही दिसत नाही. केवळ व्हिज्युअल बेसिकच्या संपादकात त्याचे नाव आढळते. आमच्या फाइलीत असे एक सातवे पत्रक निघाले. नाव निरर्थक, शीर्षके नाहीत, नुसत्या संख्या. ते निरुपयोगी समजून काढण्याचे ठरलेही होते. सुदैवाने एका सहकाऱ्याने त्या संख्या जुन्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या, तेव्हा ते एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्यांचे मागील सत्रांतील अंतर्गत गुण असल्याचे लक्षात आले. निकाल तयार करताना मॅक्रो ते तेथूनच घेत असे. त्यानंतर आम्ही मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवली, प्रत्येक पत्रकाची एकूण बेरीज सफाईपूर्वी व नंतर ताडून पाहिली आणि त्या सातव्या पत्रकाला शीर्षके देऊन ते उघड केले. फाइल आता ६०० किलोबाइटची आहे.