गुणपत्रिका आणि गुणवत्ता : दहावीच्या फुगलेल्या निकालाविषयी

1907 साली भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. म्हणजे शेकडा 37.6. त्या यशाबद्दल सत्कारसभा भरली, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आज आमच्या वसतिगृहातील 37 टक्क्यांचे मूल निकाल सांगायला घरी जात नाही. बाबासाहेबांच्या त्या 282 गुणांत मात्र कुणाच्या मेहेरबानीचा एकही गुण नव्हता.

आजचे गुण कसे तयार होतात, हे पालकांना क्वचितच कुणी सांगते. दहावीच्या बहुतेक विषयांत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण शाळाच देते. अंतर्गतचे 18 पदरात असले, तर 35 ची रेषा गाठायला लेखीच्या 80 पैकी 17 पुरतात. शिवाय टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची निघते आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण वेगळेच.

या गुणांचे वजन किती, याचा पडताळा इतिहासानेच एकदा दिला. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल 77.10 वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अन्य मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील, अशी ओरड झाली, शासनाने ते गुण परत दिले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. शंभर टक्के मिळवणारे 2019 मध्ये 20 होते, ते 2020 मध्ये 242 झाले. एका वर्षात महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी इतकी वाढली, असे कोणीही शिक्षक म्हणणार नाही. 2021 साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही; निकाल 99.95.

अंतर्गत मूल्यमापन मुळात वाईट नाही. लिहिताना अडखळणारे पण तोंडी उत्तम बोलणारे मूल, प्रयोगात हात चालणारे मूल यांना न्याय मिळावा, हाच त्याचा हेतू. बिघडले ते आमच्या हातून. शेजारची शाळा 19 देते, मग आपल्याच मुलांनी का मागे राहावे, या विचाराने आम्हीही 18-19 दिले आहेत. ते करुणेपोटी दिले, असे त्या वेळी आम्ही स्वतःला समजावले होते.

त्याची किंमत कोणी मोजली? काही वर्षांपूर्वी एक ऊसतोड कामगार बाप मुलाचे 82 टक्के पाहून पेढे घेऊन आला होता. मुलाने विज्ञान शाखा घेतली आणि अकरावीच्या पहिल्याच चाचणीत गणितात तो कोरा राहिला. त्याला अपूर्णांकांची बेरीजही नीट येत नव्हती. ते आम्हाला ठाऊक होते, त्याच्या बापाला नव्हते. सुशिक्षित घरात गुणपत्रिकेमागचे मूल ओळखणारे कोणीतरी असते. आपल्या घरांत गुणपत्रिका हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि तोच खोटे बोलला तर दाद मागायची कुठे?

दुसरी हानी याहून खोल आहे. सगळ्यांनाच नव्वदीच्या आसपास गुण मिळू लागले की त्या गुणांवरून निवड करता येत नाही. मग खरी निवड सीईटी, नीट, जेईई अशा परीक्षांकडे सरकते. त्यांची तयारी खासगी क्लासमध्ये होते आणि त्या क्लासची फी आपल्या बहुसंख्य पालकांच्या वर्षभराच्या मजुरीला भारी असते. म्हणजे दहावीला वाटलेली खैरात बारावीला व्याजासह वसूल होते. (गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला नाक मुरडणारे या खैरातीबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत.)

आता आम्ही प्रत्येक मुलाची एक दुसरी वही ठेवतो. मूल कुठे अडते, कोणते गणित येत नाही, हे तीत साध्या मराठीत लिहिलेले असते. पालकभेटीच्या दिवशी ती वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी काही पालक रागावले. एका आईने मात्र पुढच्या भेटीला येताच आधी वहीच मागितली. दहावीनंतरच्या मे महिन्यात त्या वहीवरूनच अकरावीच्या तयारीचा वर्ग चालतो. त्याला शिकवायला माजी विद्यार्थी हवे आहेत, विशेषतः गणिताला. राहण्याजेवण्याची सोय वसतिगृहात आहे.