चेन्नईच्या उपनगरातील बेकरी

‘बेकरी’ हा शब्द कानी पडताच पाव, केक, खारी आणि नानकटाई आपल्या डोळ्यांसमोर येतात. चेन्नईच्या उपनगरांत मात्र या शब्दाचा अर्थ पुष्कळच व्यापक झाला आहे. तेथील बेकरीच्या दर्शनी कपाटात केक असतात हे खरे. पण शेजारीच बरण्यांतून चकली, शेव आणि शेंगदाण्याची चिक्की मांडलेली असते, कोपऱ्यात चहा उकळत असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या प्रहरी कढईत वडेही पडू लागतात. नोकरी, शिक्षण किंवा औषधोपचार यांच्या निमित्ताने या शहरी जाणाऱ्या मराठी कुटुंबाला परमुलखात दोन गोष्टींची चिंता असते : खिशाला परवडेल असे काय मिळेल, आणि मुलांच्या तोंडाला रुचेल असे काय मिळेल? या दोहोंचे उत्तर बहुधा जवळच्या बेकरीतच सापडते.

भट्टीभोवतीचे उपनगर

इंग्रजी अमलात या शहरात बेकऱ्या निघाल्या. वेपेरीतील स्मिथ फील्ड बेकरी १८८५ मधली, तर मॅकरेनेट १९०३ मधली. प्रारंभी त्यांचा माल साहेबांच्या टेबलासाठी असे. पुढे शहर वाढले. १९३१ मध्ये बीच ते तांबरम् विजेची लोकल गाडी धावू लागली, १९५५ मध्ये पेरांबूर येथे रेल्वे डब्यांचा कारखाना सुरू झाला, आणि १९६० नंतरच्या दशकात आवडी व अंबत्तूरकडे उद्योगांची वसाहत पसरली. पाळी संपवून गाडी गाठणाऱ्या कामगाराला, शाळेतून परतणाऱ्या मुलाला हवा असतो तो थोड्या पैशांत पोटाला आधार. तो देता देता बेकरीने आपले साहेबी रूप टाकले आणि ती मोहल्ल्याची झाली.

काय घ्यावे?

भट्टीतले घ्यायचे तर भाजीचे सारण भरलेला पफ आणि खोबऱ्याचे गोड सारण घातलेला ‘तेंगा बन’ हे दोन पदार्थ घ्यावेत. पफ अंड्याचाही असतो. अंड्याला तमिळमध्ये ‘मुट्टै’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी हा एक शब्द ध्यानात ठेवला म्हणजे गैरसमज होणार नाही.

बरण्यांतले पदार्थ तर आपल्या घरचेच वाटतील. ‘मुरुक्कु’ म्हणजे पीळ दिलेला. ही आपल्या चकलीची बहीण. मात्र आपण भाजणी वापरतो, तेथे तांदळाच्या पिठात उडदाचे पीठ मिसळतात. ‘ओमपोडी’ ही ओव्याची बारीक शेव, आणि ‘कडलै मिठाई’ ही शेंगदाणा-गुळाची चिक्की. यांपैकी कोविलपट्टीच्या कडलै मिठाईला २०२० मध्ये आणि मणप्पारैच्या मुरुक्कूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे पदार्थ टिकाऊ असल्याने परतीच्या प्रवासातही उपयोगी पडतात.

कढईतले पदार्थ मात्र उभ्या उभ्या, गरम असतानाच खावेत. भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून केलेला मसाला वडा, कच्च्या केळ्याची ‘बज्जी’ आणि बटाट्याचा बोंडा हे तिन्ही सर्वत्र मिळतात. बोंडा पाहताच बटाटेवडा आठवतो, आणि बज्जी म्हणजे आपली भजीच.

पश्चिम मांबलम् येथे वेंकटेश्वर बोळी स्टॉल नावाचे एक प्रसिद्ध दुकान आहे. ही काही बेकरी नव्हे. पण मराठी माणसाने तेथे अवश्य जावे. ‘बोळी’ म्हणजे साक्षात पुरणपोळी! तमिळ लिपीत ‘प’ आणि ‘ब’ यांना एकच अक्षर असल्याने लिहितात ‘पोळी’ आणि म्हणतात ‘बोळी’. तंजावरात भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत होते, हे स्मरले म्हणजे या नावाचे नवल वाटत नाही. डाळीच्या पुरणाबरोबर येथे खोबऱ्याची बोळीही मिळते.

स्वस्त, पण निवडून

स्वस्त म्हणजे कसेही, असे मात्र नव्हे. ज्याच्या खिशात पैसे थोडे, त्याला आजारपण सर्वांत महाग पडते. म्हणून खरेदीपूर्वी क्षणभर कढईकडे पाहावे. तेल काळपट, दाट झाले असेल, त्यावर फेस राहत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर पुढचे दुकान गाठावे. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये साचत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. पफ व बिस्किटे यांत घट्ट वनस्पती तूप वापरले जाते. त्यांतील ‘ट्रान्स फॅट’ हृदयाला घातक असल्याने २०२२ पासून त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणण्यात आली आहे. तरीही पफ रोज न खाता कधीमधी खाणेच शहाणपणाचे.

गरम वडा वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलातून अन्नात उतरतात, आणि अन्नासाठी असा कागद वापरण्यास मनाईही आहे. केळीचे पान किंवा कोरा कागद मागावा. जमल्यास घरचा डबाच न्यावा. दुकानात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का, हेही पाहावे.

आणि सर्वांत सोपी खूण कोणती? संध्याकाळी जेथे त्याच वस्तीतील बाया-माणसे, मुले आणि कामगार गर्दी करतात, तेथे कढईतला घाणा शिळा होण्यास सवडच मिळत नाही. भाषा येत नसली तरी त्या गर्दीत निःसंकोच उभे राहावे. हाताने दाखवून मागितलेला वडा तितकाच खमंग लागतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार आपणहून ओळख दाखवतो.