सोसायटीचा ग्रुप आणि ॲडमिनची कात्री

आजचा विषय तुमच्या खिशातलाच आहे: सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. बेंगळुरू असो, इंदूर असो की पुणे, भांडणं तीच. पाणी, पार्किंग, कुत्री आणि मेंटेनन्स. या ग्रुपवर कुणाला किती बोलू द्यायचं, आणि ते ठरवायचं कुणी?

आधी कायदा बघू. राज्यघटनेचं कलम १९ आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य देतं. अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी त्यावर वाजवी बंधनंही घालता येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ नुसता त्रासदायक संदेश पाठवणंही गुन्हा ठरवत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. म्हणजे एखाद्याचं बोलणं झोंबलं, एवढ्याने गुन्हा होत नाही.

ॲडमिन मंडळी म्हणतात, "उद्या पोलीस मलाच धरतील." मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करायचं कारण नाही. मात्र २०२२ पासून ॲडमिनला इतरांचे संदेश सगळ्यांसाठी डिलीट करता येतात. हातात कात्री आली, की ती कुठे चालवायची हे कळलं पाहिजे.

ती अफवेवर चालवा, आणि लगेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. म्हणून "हा माणूस संशयित, सगळीकडे पाठवा" असा फोटो ग्रुपवर दिसला, तर तो काढा आणि पोलिसांना ११२ वर कळवा. शिवीगाळ, जातीधर्मावरची टीका, कुणाच्या घरातल्या गोष्टी, हेही काढा.

पण तक्रार काढू नका. समजा, कुणी विचारलं, "टँकरवर या महिन्यात एवढा खर्च कसा?" हा हिशोबाचा प्रश्न आहे, त्याला हिशोबानेच उत्तर द्यायचं. "खजिनदार चोर आहे" हा आरोप आहे. लिहिणाऱ्याकडे पुरावा मागा. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळतो, तोच चांगला ॲडमिन.

फौजेत सैनिक संमेलन असतं. तिथे जवान उभा राहून थेट कमांडिंग ऑफिसरला अडचण सांगू शकतो. शिस्तीवर चालणाऱ्या संस्थेलाही हे लागतं, कारण दाबलेली तक्रार मरत नाही, ती बराकीत कुजबुजत फिरते. सोसायटीत तसंच होतं. एकाला काढलं, की कमिटीला वगळून दुसरा ग्रुप उभा राहतो.

म्हणून चार गोष्टी करा. नियम लेखी ठेवा आणि सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. ॲडमिन निदान दोन असू द्या, त्यातला एक कमिटीबाहेरचा. संदेश काढला तर कोणत्या नियमाने काढला, ते ग्रुपवरच सांगा. आणि कुणाला काढण्याआधी एकदा समज द्या. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, म्हणजे काढलेल्या माणसालाही पाणी कधी बंद आहे ते कळेल.

नियम कमिटीच्या अध्यक्षांना आणि भाडेकरूला सारखाच लागला पाहिजे. तुमच्या ग्रुपवर तो तसा लागतो का, हे आज तपासून बघा. जय हिंद.