चौथ्या वर्गाची शर्यत

1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी धावली आणि बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीने, म्हणजे तरुण घोडीने, ती जिंकली. मुंबईच्या रेसचा मागोवा घेणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि डर्बीच्या विजेत्यांची नावं घेत पुढे सरकतात. पण मुंबई-पुण्यातल्या असंख्य माणसांना रेसचा जो नाद लागला, तो डर्बीने लावलेला नाही. डर्बीत सगळ्या कोल्टना, म्हणजे तरुण नरांना, सारखंच वजन, फिलींना थोडी सूट. जो घोडा सरस, तो पुढे येतो. सत्तरच्या दशकातल्या स्क्वांडररने 19 पैकी 18 शर्यती जिंकल्या. असा घोडा डोळे भरून बघायचा असतो, त्याच्याबद्दल डोकं खाजवायला फारसं काही उरत नाही. डोकं खाजवायला लावलं ते चौथ्या-पाचव्या वर्गाच्या हँडिकॅप शर्यतींनी. त्यांतले विजेते महिन्याभरात विसरले जात, पण आदल्या रात्री लोक त्यांच्यावर तासन्‌तास खल करत बसत. माझं म्हणणं असं आहे की हा नाद लागलेल्यांपैकी पुष्कळांना पैशाने नव्हे, या अभ्यासाने धरून ठेवलं; आणि तो अभ्यास खरा होता, भाबडा भ्रम नव्हता.

हँडिकॅप म्हणजे काय ते आधी नीट सांगायला हवं, कारण सगळी गोडी त्यातच आहे. इंग्लंडमध्ये ॲडमिरल रूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वय आणि वजन यांचं कोष्टक बसवलं. हँडिकॅपमागचा विचार असा, की वेगवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि मंद घोड्याच्या पाठीवर कमी वजन दिलं, तर दोघं एकमेकांना गाठू शकतील. आपल्याकडेही तीच पद्धत आली. प्रत्येक घोड्याला रेटिंग, रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो. चौथ्या वर्गात साधारण 20 ते 46 रेटिंगचे घोडे. म्हणजे अव्वल आणि तळाच्या घोड्यात 13 किलोंचा फरक. घोडा जिंकला की रेटिंग चढतं, सतत हरला की उतरतं. हँडिकॅपरला मनातून काय हवं असतं? सगळे घोडे एकाच क्षणी पोस्टवर पोचावेत. आणि घोड्यांच्या मागच्या शर्यतींच्या नोंदी असलेलं रेसचं पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला काय हवं असतं? हँडिकॅपरचा हिशेब कुठे अर्ध्या किलोने चुकलाय, तेवढंच. एका जाणकार माणसाने विचारपूर्वक घातलेलं कोडं दुसऱ्याने सोडवायचं आणि दुसऱ्या दिवशी दीड मिनिटात खरं उत्तर समोर धावताना बघायचं, असं सुख देणारे छंद फार थोडे आहेत.

एक घोडा हातात घेऊन बघू. समजा, फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या कोरड्या ट्रॅकवर तो 1400 मीटरला चौथा आला, रेटिंग 40. त्यानंतर दोनदा मागेच राहिला आणि रेटिंग 34 वर उतरलं. आता जुलै आहे, सीझन पुण्याला गेलाय, रात्रभर पाऊस पडलाय आणि शर्यत 1200 मीटरची आहे. पाठीवरचं वजन तीन किलोंनी हलकं, वर अप्रेंटिस जॉकी असल्याने त्याची आणखी सूट. वर्तमानपत्रात मंगळवारच्या सकाळच्या ट्रॅकवर्कमध्ये त्याच्यापुढे छापलंय: 600 मीटर 38 सेकंद, चाल चांगली. आता विचारा स्वतःला. फेब्रुवारीत तो चौथा आला तेव्हा अंतर जास्त पडलं होतं, की पुढच्या तिघांपैकी दोघे नंतर वरच्या वर्गात जिंकले? मधल्या दोन शर्यतींत दमला, की त्याला ड्रॉ, म्हणजे सुरुवातीची जागा, बाहेरची मिळाली? त्याची आई मऊ जमिनीवर पळायची का? जॉकी नवखा आहे, तर वाचलेला दीड-दोन किलो त्याच्या हातून सुटणाऱ्या एका लेंग्थला पुरेल का? एका घोड्याचे हे प्रश्न, आणि शर्यतीत असे दहा-बारा घोडे. पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई या फेऱ्यामुळे आपल्या रेसवाल्यांना एकच घोडा दोन वेगळ्या जमिनींवर वाचावा लागला. याची त्यांना सवय झाली होती आणि अभिमानही होता. पुण्याचा फॉर्म महालक्ष्मीला किती धरायचा, यावर झालेल्या वादांत जी बारकाई असे, ती एरवी क्रिकेटच्या गप्पांतही क्वचित ऐकू येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शेवटी हा जुगारच. घरं बसली, दागिने गेले, पगाराची पाकिटं रविवारी संध्याकाळी रिकामी झाली. हे खोटं नाही आणि ते झाकून या छंदाची आठवण काढणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्याच मुंबईत, त्याच काळात मटकाही होता. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर सुरू झालेला आकड्यांचा सट्टा साठच्या दशकात चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर आला आणि गिरणगावात घरोघरी पोचला. मटक्याचा आकडा कितीही वेळ न्याहाळा, त्यात वाचण्यासारखं काही नाही. स्वप्नात दिसलेला आकडा आणि विचार करून काढलेला आकडा यांची किंमत एकच. रेसच्या पानावर मात्र प्रत्येक ओळ कशाची तरी नोंद असते. दोन्हींत पैसे हरता येतात, म्हणून दोन्ही एक, हा युक्तिवाद मला पटत नाही. टोटमधून, म्हणजे सगळ्यांच्या पैजा जिथे एकत्र जमतात त्या रकमेतून, रेसक्लब आणि सरकार आपला हिस्सा आधी कापून घेतात, त्यामुळे चांगला जाणकारही वर्षाअखेर बहुधा तोट्यातच असतो, हे खरं. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की या ज्ञानावर पोट भरत नाही. ज्ञानच नाही, असं सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: सगळं आधीच ठरलेलं असतं, जॉकी घोडा ओढतो, म्हणजे मुद्दाम मागे ठेवतो, तुम्ही पुस्तकं वाचत बसा. घोडे ओढले गेले आहेत, शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्टुअर्डनी जॉकींना शिक्षाही केल्या आहेत. तरी सगळंच ठरलेलं असतं, तर भाव आणि निकाल यांच्यात जो टिकाऊ संबंध दिसतो तो दिसला नसता. जगात अनेक ठिकाणी नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसा लागलेला असतो तो घोडा, साधारण तीनात एकदा जिंकतो असं आढळलं. लोक लांब भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या, घोड्यांवर जरुरीपेक्षा जास्त पैसा लावतात, हे अमेरिकेत 1949 मध्येच आकडेवारीने मांडलं गेलं. म्हणजे गर्दीचा अंदाज बराच बरोबर असतो, आणि चुकतो तोही एका ठराविक दिशेने. शिवाय तबेल्याचा इरादा हाही आपल्या जुन्या रेसवाल्यांच्या वाचनाचा भाग होता. आज घोडा जिंकायला आणलाय की नुसता पळवायला, हे पॅडकमध्ये त्याच्या कातडीची झळाळी आणि चालणं बघून ते ताडत.

1996 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पण मला त्याहून मोलाचा पुरावा हाँगकाँगचा वाटतो. तिथे ऐंशीच्या दशकात बिल बेंटर या अमेरिकनाने शर्यतीचे अनेक घटक संगणकावर तोलून पाहिले, पुढे अफाट पैसा मिळवला आणि 1994 मध्ये आपली पद्धत लिहून छापली. संगणकाने पुस्तकवाल्यांना कालबाह्य केलं, असं याचं उदाहरण देऊन सांगितलं जातं. त्याचा लेख मात्र वेगळं सांगतो. त्याचं गणित नीट बसलं ते लोकांनी लावलेले भाव त्यात मिसळल्यावर. म्हणजे पेन्सिल घेऊन पानं वाचणाऱ्या, ट्रॅकवर घोडा बघणाऱ्या त्या अनोळखी माणसांच्या अंदाजात असं काहीतरी होतं, जे यंत्राच्या आकड्यांत नव्हतं. या छंदाचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

आपल्याकडे त्याची कदर झाली नाही. 2017 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला, 2025 च्या सप्टेंबरात तो 40 टक्के झाला, आणि यादीत शेजारी लॉटरी आणि कॅसिनो. कौशल्य आणि नशीब यांतला जो फरक न्यायालयाने मान्य केला, तो करआकारणीने पुसून टाकला. हे मला सरळ चुकीचं वाटतं. मैदानही आक्रसलं: महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेले, 91 एकर क्लबकडे राहिले. उद्यानाला माझा विरोध नाही. शर्यती अजून होतात आणि पुस्तकंही अजून मिळतात. ज्यांना हा नाद कसा लागत असेल याचं कुतूहल आहे, त्यांनी एखाद्या शनिवारी एक पुस्तक घ्यावं, चौथ्या वर्गाची एक शर्यत निवडावी, पहिले तीन घोडे कारणांसकट समासात लिहून ठेवावेत आणि एक पैसाही न लावता दुसऱ्या दिवशी निकाल ताडून पाहावा.